क्रूझच्या आदल्या दिवशी मुंबईत, गाडी नाही, सहा जण आहोत, कसं जमवायचं?

मिरजेचा_मुक्काम

नमस्कार मंडळी, इथं वाचत असतो बरेच दिवस, लिहायला आज पहिल्यांदा बसलोय. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत म्हणून मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ बुक केलीय. रविवारी बोट सुटणार, आम्हाला चढायला दुपारी एकचा स्लॉट मिळालाय, बुधवारी सकाळी परत मुंबईत. आम्ही एकूण सहा जण, मी, बायको, दोन पोरं (९ आणि ५) आणि आई-बाबा. बाबा चालतात मस्त, ७४ चे आहेत पण रोज सकाळी चार किलोमीटर मारतात. आईचे गुडघे गेलेत, जिना म्हटलं की तिचं तोंड उतरतं.

आमच्याकडे गाडी नाही. मेहुणा म्हणतोय मी सोडतो एर्टिगाने, पण त्याला रात्रभर गाडी चालवायला लावायची आणि पुन्हा तसंच माघारी पाठवायचं हे मला पटत नाही, आणि भाड्याने गाडी घेऊन चार दिवस मुंबईत ठेवायची कुठे हा दुसरा प्रश्न. म्हणून रेल्वेनेच यायचं ठरवलंय. महालक्ष्मी एक्सप्रेस मिरजेहून रात्री मिळते ती सकाळी साडेसातच्या सुमारास सीएसएमटीला पोचते, म्हणजे शनिवारी रात्री बसलो तर रविवारी सकाळी मुंबईत, दुपारी एकला बोट, मधे पाच-साडेपाच तास. की शुक्रवारी रात्रीच निघून शनिवारचा अख्खा दिवस मुंबईत काढायचा? बायको म्हणते हॉटेलचा खर्च कशाला, बाबा म्हणतात एक दिवस आधी जाऊ, आई काहीच म्हणत नाही म्हणजे तिला आधी जायचंय.

तिकिटावर "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट" असं लिहिलंय. हे स्टेशनपासून किती लांब? लोकल लागते का? रिक्षा मिळेल का? बॅगा पाच आहेत, त्यातल्या दोन मोठ्या. एक दिवस आधी आलो तर आईला न दमवता काय दाखवता येईल? मी स्वतः मुंबईत कामाला म्हणून तीन-चारदाच आलोय, तेही मंत्रालयात जाऊन परत, त्यामुळे मला तिकडचं फार काही माहीत नाही. जरा सविस्तर सांगा.

फोर्टातला_कारकून

दादा, सगळ्यात आधी एक गोष्ट, तुमचं नशीब चांगलं आहे. महालक्ष्मी जिथे संपते तिथून तुमची बोट जेमतेम दीड किलोमीटरवर आहे. लोकलचा संबंधच नाही. मी २२ वर्षं फोर्टात नोकरी करतोय, दुपारी जेवल्यावर आम्ही बॅलार्ड इस्टेटला चक्कर मारून येतो इतकं ते जवळ.

रिक्षा मात्र मिळणार नाही. इकडे पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन, त्याच्या दक्षिणेला रिक्षाच नाहीत, फक्त टॅक्सी. गावाकडून येणारी बरीच मंडळी स्टेशनबाहेर रिक्षा शोधत उभी असतात आणि मग कोणीतरी दलाल गाठ पडतो. तुम्ही गाडीतून उतरलात की मुख्य हॉलकडे, म्हणजे लोकलच्या गर्दीकडे जाऊच नका, अठरा नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूने पी. डिमेलो रोडला बाहेर पडा. बाहेरगावच्या गाड्या त्याच बाजूच्या प्लॅटफॉर्मना लागतात त्यामुळे आईंना चालावंही कमी लागेल, आणि टॅक्सी बाहेरच उभ्या असतात. तोच रस्ता पुढे बंदराच्या कडेकडेने बॅलार्ड इस्टेटकडे जातो.

काळी-पिवळीचं मीटर ₹३१ पासून सुरू होतं, पहिल्या दीड किलोमीटरला, फेब्रुवारी २०२५ पासून हाच दर आहे, वर सामानाचे थोडे वेगळे द्यावे लागतात. म्हणजे सरळ मीटरने गेलात तर पन्नासच्या आतबाहेर. पण खरी अडचण दुसरीच आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही. टॅक्सीत चारच जण बसतात, आणि डिक्कीत सीएनजीची टाकी असते, त्यामुळे मोठी बॅग एकच जेमतेम जाते, बाकीच्या वर कॅरिअरवर. तुम्ही सहा जण पाच बॅगा म्हणजे दोन टॅक्सी धराच, एकीत कोंबायचा प्रयत्न करू नका, आईंच्या मांडीवर बॅग येईल. आणि दोन टॅक्सी करताना दोन्हींत एकेक मोठं माणूस फोनवाला पाहिजे, आणि बोटीचं तिकीट दोघांच्याही फोनमध्ये पाहिजे, कारण बंदराच्या गेटवर ओळखपत्र आणि तिकीट बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिकीट एकाकडे आणि तोच मागच्या टॅक्सीत अडकलाय असं झालं तर पुढचे गेटवर उन्हात.

टॅक्सीवाल्याला "क्रूझ" किंवा "जहाजाचा धक्का" असं म्हणू नका. "बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट" असंच म्हणा. नुसतं धक्का म्हटलंत की तो तुम्हाला भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडेल, ते माझगावकडे, उलट्या दिशेला. याला कारणही आहे, २०१८ मध्ये मुंबई-गोवा बोट सुरू झाली होती ती भाऊच्या धक्क्याच्या बाजूच्या टर्मिनलवरून सुटायची, त्यामुळे जुन्या टॅक्सीवाल्यांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. बॅलार्ड पिअरचं नवं टर्मिनल तर सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं, प्रशस्त आहे, चेक-इनचे आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत.

बाबांना चालायची आवड आहे म्हणता तर त्यांना आणि मोठ्या पोराला रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेटमध्ये फिरवून आणा. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं, सगळी ऑफिसं बंद, रस्ते रुंद आणि झाडांच्या सावलीत. हा सगळा भाग समुद्रात भर घालून केलेला आहे, शेजारची गोदी खणताना जी माती-दगड निघाला तोच इथे टाकला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर या इमारती उभ्या केल्या. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाचं काम, गेटवे ऑफ इंडिया आणि जवळचं म्युझियम (पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स) त्याचंच. आणि बाबांना हेही सांगा की पूर्वी रेल्वे थेट धक्क्यापर्यंत जायची, बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन होतं, १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल इथूनही सुटायची, विलायतेहून बोटीने आलेला माणूस उतरून समोरच्या गाडीत बसायचा आणि थेट पेशावरकडे. म्हणजे गाडीवाचून बोटीला जाणं हे इथलं मूळचंच. ते स्टेशन आता नाही याचं मला त्या बाजूला गेलं की दरवेळी वाईट वाटतं.

पुणेरी_प्रवासी

वरचं सगळं बरोबर आहे पण एक दिवस आधी यायची गरज आहे असं मला वाटत नाही. आम्ही पुण्याहून त्याच दिवशी डेक्कन क्वीनने गेलो, सव्वासातला पुणे, साडेदहाच्या आत सीएसएमटी, स्टेशनजवळ खाल्लं, साडेअकराला गेटवर, सगळं व्यवस्थित. तुम्ही तर साडेसातलाच पोचताय. सहा जणांच्या हॉटेलच्या दोन खोल्या फोर्टात घ्यायच्या म्हणजे खर्च बराच होतो, तोच पैसा गोव्यात वापरा. सकाळी स्टेशनवर एसी वेटिंग लाऊंज आहे, तासावर पैसे घेतात, तिथे फ्रेश व्हा, आई-बाबांना बसवा, तासाभराने निघा. आमच्या वेळी काही अडचण आली नाही.

वऱ्हाडी_वहिनी

पुण्याचे भाऊ, तुमची वेळ साधली, चांगलं झालं. आमची साधली नाही म्हणून लिहिते, कारण हे वाचून कोणी आमच्यासारखं करू नये असं मनापासून वाटते.

आम्ही चौघं होतो, गाडी सकाळी सहाला पोचणार होती आणि बोट दुपारची. मी यांना म्हटलं होतं की एक दिवस आधी निघू, पण यांची सुट्टी शनिवारपासून. रात्री कुठेतरी पुढे मालगाडी बंद पडली, आमची गाडी घाटाच्या आधी दोन तास उभी, मग हळूहळू करत कुर्ल्याला, म्हणजे टिळक टर्मिनसला पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. तिथून हार्बर लाइनच्या लोकलने सीएसएमटीला जाऊ म्हणून टिळकनगर स्टेशनला बॅगा ओढत गेलो तर रविवारचा मेगाब्लॉक, रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद. आम्हाला मेगाब्लॉक हा शब्द ऐकून माहीत होता पण तो आपल्या आडवा येईल असं कधी मनात नव्हतं आलं. परत बाहेर, टॅक्सी मिळायला वीस मिनिटं, रस्त्यात गर्दी. गेटवर पोचलो तेव्हा चेक-इन बंद झालेलं. बोट समोर उभी दिसत होती, अजून तास-सव्वातास ती तिथेच उभी होती, पण आत घेतलं नाही. तेव्हा मला फार राग आला होता, आता कळते की बोट सुटायच्या वेळेला ती बंदराबाहेर काढणारा पायलट, ओढणाऱ्या टग बोटी सगळं ठरलेलं असते आणि प्रवाशांची यादी आधीच बंद होते, एका कुटुंबासाठी ते नाही थांबू शकत. पैसे गेले. पोरीने सहा महिन्यांपासून एक फ्रॉक जपून ठेवला होता बोटीवर घालायला, तो तिने परतीच्या गाडीत घातला.

तर दादा, शुक्रवारीच निघा. हॉटेलचा खर्च हा खर्च समजू नका, तो क्रूझच्या तिकिटाचाच भाग समजा. आणि ज्यांची गाडी सीएसएमटीला न येता कुर्ला, दादर, पनवेलला संपते त्यांनी तर दुसरा विचारच करू नये. रविवारी निघणार असाल तर शुक्रवार-शनिवारच्या पेपरात मेगाब्लॉकची बातमी येते, कोणत्या मार्गावर किती ते किती, ती बघून घ्या.

मिरजेचा_मुक्काम

वहिनी, तुमचं वाचून बायकोला दाखवलं, तिनं लगेच शुक्रवारची तिकिटं बघायला लावली. वेटिंग १४ होतं, मग गुरुवारी सकाळी तत्काळ काढायला बसलो आणि मिळाली, सहाच्या सहा. फ्रॉकचं वाचून कसंसंच झालं. तुम्ही परत बुक केली का क्रूझ?

कारकून साहेब, डिक्कीतल्या टाकीचं डोक्यातच नव्हतं, फार उपयोगाचं सांगितलंत. आता शनिवारचं सांगा कोणीतरी. हॉटेलवाले बारा वाजता खोली देतात म्हणे, आम्ही साडेसातला येणार. आईला सिद्धिविनायकाला जायचंय, इतकंच तिनं तोंडाने सांगितलंय. लोकलनं दादरला जाऊन तिथून टॅक्सी, असंच ना?

दादरची_मावशी

लोकल नको रे बाबा. शनिवार असला तरी सकाळची गर्दी असतेच आणि दादरच्या पुलावर आईला चढवणं उतरवणं म्हणजे अर्धा जीव जाईल. आता मेट्रो झालीय ना! ऑक्टोबर २०२५ पासून तीन नंबरची मेट्रो पार कफ परेडपर्यंत आलीय, जवळजवळ सगळी जमिनीखालून, आणि तिला सीएसएमटी पण स्टेशन आहे आणि सिद्धिविनायक पण. मधे कुठे बदलायची नाही. सीएसएमटीला बसलात की काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड करत वरळीच्या पुढचं स्टेशन सिद्धिविनायकच, अर्ध्या तासाच्या आत. देऊळ स्टेशनपासून जवळ. लिफ्ट आहेत सगळीकडे, फक्त लिफ्ट शोधायला जरा वेळ लागतो, तिथल्या माणसाला विचारायचं सरळ, ते नेऊन सोडतात. मी माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या वर आल्यावर म्हणाल्या, मुंबईत इतकं शांत मी कधीच बसले नव्हते. तिकीट ₹१० ते ₹७० च्या दरम्यान, लांबीप्रमाणे. एक करा, तिकीट मोबाईलवर काढायचं असेल तर वरच, रस्त्यावर असतानाच काढा, मला खाली उतरल्यावर नेटवर्क मिळालं नव्हतं, शेवटी खिडकीवर रांग लावली.

शनिवारी मंगळवारइतकी गर्दी नसते पण असते, त्यामुळे लवकर जा. मंदिरात ज्येष्ठांची वेगळी रांग असते, आईचं आधार कार्ड जवळ ठेवा. मोठ्या बॅगा नेऊ नका, सुरक्षेची तपासणी असते. बॅगांचं असं करा, साडेसातला उतरलात की आधी हॉटेलवर जा, खोली बाराला देतील पण बॅगा ठेवून घेतात, तोंड धुवायला बाथरूमही देतात, फक्त बुक करताना फोन करून विचारून घ्या. नाहीच ऐकलं तर सीएसएमटीची क्लोकरूम आहे, रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप पाहिजे.

हॉटेल बुक करताना दोन प्रश्न विचारायचेच. लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत जायला पायऱ्या किती. फोर्टातल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असते पण ती पहिल्या मजल्यापासून, खाली दहा-बारा लाकडी पायऱ्या चढूनच जावं लागतं. आमच्या एका नातेवाइकांची याच्यावरून फार तारांबळ झाली होती, फोटोत सगळं छान दिसत होतं. हॉटेल फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेटच्या बाजूलाच घ्या, स्वस्त मिळतंय म्हणून अंधेरी-साकीनाक्याला घेऊ नका, मग पुन्हा रविवारचा प्रवास आलाच आणि सगळं मुसळ केरात.

दर्शन करून दादरला उतरायचं असेल तर दादर पण त्याच मेट्रोवर, पुढचंच स्टेशन. पण मी म्हणेन परत या, आईला दुपारी झोपू द्या. संध्याकाळी पाचनंतर टॅक्सी करून गेटवे. मुलांना तिथे बोटी बघून मजा येईल. एलिफंटा करू नका, जाऊन-येऊन दोन तास बोटीत आणि वर १२० पायऱ्या, आईंना ते नाही झेपायचं. पोरांचा फारच हट्ट असला तर बाबांनी न्यावं, पण शनिवारीच, बोटीच्या दिवशी मुळीच नाही. आणि पुढे कोणी वाचत असेल तर, सोमवारी एलिफंटा बंद असतं.

विमानाने येणाऱ्यांसाठी पण लिहून ठेवते, हीच मेट्रो विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांवरून येते, टी१ आणि टी२, सीएसएमटीपर्यंत सरळ. फक्त आता नवी मुंबईचंही विमानतळ सुरू झालंय, तुमचं तिकीट कुठल्याचं आहे ते नीट बघा, तिथून यायचं म्हणजे वेगळाच हिशोब.

मांडव्याचा_वारा

रायगडवाल्यांसाठी माझे दोन शब्द. आम्ही अलिबागकडचे, आम्हाला रेल्वे जवळ नाही आणि पेण-वडखळच्या ट्रॅफिकमध्ये एसटी कधी पोचेल याचा नेम नाही. आम्ही मांडव्याहून रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने, भाऊच्या धक्क्यावर आलो, २०२० पासून चालू आहे ती, साधारण तासाभरात. गाडी न घेता नुसती माणसंही जातात. वर डेकवर बसलो, तुमची क्रूझ बंदराला लागलेली असली तर लांबूनच दिसते, आमची दिसली तेव्हा पोरगी उभ्या उभ्या नाचायला लागली. भाऊच्या धक्क्यावरून टॅक्सी, तीन-चार किलोमीटर असेल. तिथे मासळीच्या गाड्यांची गर्दी पहाटे असते, सकाळी नऊनंतर बरं. गेटवेला येणारी कॅटमरान (छोटी प्रवासी बोट) पण आहे पण ती पावसाळ्यात बंद असते, आणि मोठ्या बॅगा घेऊन तिच्यात चढ-उतर जरा जिकिरीचं.

माझे आजोबा सांगायचे, कोकणातली सगळी माणसं मुंबईला यायची ती बोटीनेच, भाऊच्या धक्क्यावर उतरून डोक्यावर ट्रंक घेऊन चाळीपर्यंत पायी. मी त्या धक्क्यावर बॅगेच्या चाकांचा खडखडाट करत चाललो तेव्हा त्यांची फार आठवण आली.

फोर्टातला_कारकून

मावशींनी हॉटेलच्या पायऱ्यांचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. मी खाण्याचं विसरलो होतो. बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानिया आहे, १९२३ सालचं इराणी हॉटेल, बेरी पुलाव तिथलाच. पण फक्त दुपारी उघडं असतं आणि रांग असते, म्हणून शनिवारी दुपारी जमलं तर बघा, रविवारच्या भरवशावर राहू नका. सकाळी स्टेशनला उतरल्या उतरल्या भूक लागली तर सीएसएमटीच्या समोर आरामचा वडापाव, पोरं खूश. पुरी-भाजी पाहिजे तर जवळच बोरा बाजाराच्या तोंडाशी पंचम पुरीवाला, पण बसायला जागा तोकडी, आईंना अवघड होईल, पार्सल घ्या.

आणखी एक. बोटीवर मोठ्या बॅगा टॅग लावून आधीच काढून घेतात आणि नंतर खोलीच्या दाराशी आणून ठेवतात, त्याला कधीकधी संध्याकाळ होते. त्यामुळे आई-बाबांची औषधं, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं (पोरांची पण), चष्मे, एकेक कपड्याचा जोड हे हातातल्या पिशवीत. बीपीची गोळी मोठ्या बॅगेत आणि बॅग कुठेतरी खाली, असं होऊ देऊ नका.

आणि बुधवारचा विचार आत्ताच करा. बोट सकाळी लागते आणि सगळे एकदम बाहेर पडतात, गेटबाहेर टॅक्सीसाठी झुंबड. घाई नसली तर शेवटच्या टप्प्यात उतरा, आरामात नाश्ता करून. तुमची परतीची महालक्ष्मी रात्री साडेआठच्या सुमारास, म्हणजे दिवस मोकळा, बॅगा क्लोकरूमला टाका आणि म्युझियमला जा, उन्हात फिरू नका.

वऱ्हाडी_वहिनी

दादा, तुम्ही विचारलं म्हणून, हो, परत बुक केलीय, येत्या जानेवारीत. या वेळी शुक्रवारी सकाळीच मुंबईत. फ्रॉक आता आखूड झालाय, पण तिला तोच घालायचाय, खाली लेस लावून देतेय.

मिरजेचा_मुक्काम

मंडळी, जाऊन आलो! लिहायला उशीर झाला, आल्यावर पोरांची शाळा आणि माझं मार्चअखेरचं काम एकदम अंगावर आलं.

शुक्रवारची महालक्ष्मी एक तास उशिरा पोचली, साडेआठला. शनिवारी रात्री निघालो असतो तरी तासाभराने काही बिघडलं नसतं हे खरं, पण त्या एका तासात मी गाडीत शांत बसून चहा प्यालो, एरवी घड्याळ बघून बघून जीव गेला असता. अठरा नंबरच्या बाजूने बाहेर पडलो, आईला वाटेत दोनदाच बसवावं लागलं. हॉटेलात पायऱ्या किती ते आधी विचारलं होतं, त्यानं "दोन" सांगितलं, निघाल्या चार, पण चालून गेलं. बॅगा ठेवून घेतल्या.

मेट्रोचं मावशी म्हणाल्या ते अगदी तसंच. आईला लिफ्टनं खाली नेलं, गाडी आली, बसायला जागा मिळाली, आणि आई दर स्टेशनला नाव वाचत होती, गिरगाव आलं तेव्हा म्हणाली इथं माझी मोठी आत्या राहायची, ठाकूरद्वारला. मला ३८ वर्षांत हे माहीत नव्हतं. येताना मग गिरगावला उतरलो. वर येऊन नुसतं त्या रस्त्यावर पाच मिनिटं उभी राहिली, चाळ काही सापडली नाही, पण एका दुकानदारानं तिला खुर्ची दिली बसायला, पाणी दिलं. सगळ्या ट्रिपमध्ये तिला हेच जास्त आवडलं असं ती आता शेजारणींना सांगते, बोट दुसऱ्या नंबरला.

रविवारी सकाळी बाबा, मी आणि थोरला बॅलार्ड इस्टेटला चालत जाऊन आलो, गेट कुठं आहे तेही बघून ठेवलं, त्याचा दुपारी फार उपयोग झाला. दोन टॅक्सी केल्या, पहिला लगेच तयार झाला, दुसऱ्या तिघांनी जवळचं भाडं म्हणून नाही म्हटलं. शेवटी एकाला सरळ शंभर देतो म्हटलं तेव्हा आला. त्यामुळे जवळच आहे, लगेच मिळेल असं धरून चालू नका, अर्धा तास हातात ठेवा. हॉटेलवाल्याला आधी सांगितलं असतं तर त्यानं ओळखीचा बोलावला असता, हे नंतर कळलं. गेटवर तिकीट आणि आधार बघितले, आत आईसाठी व्हीलचेअर मागितली, दहा मिनिटांत मिळाली आणि ढकलणारा माणूस थेट बोटीच्या दारापर्यंत आला. पावणेदोनला आम्ही वर जेवत होतो.

परतीला एकच घोळ, क्लोकरूमला प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं हे मावशींनी लिहिलं होतं, पण पोरांच्या दोन सॅक होत्या, त्या माझ्या लक्षातच आल्या नाहीत. बाहेरून दोन छोटी कुलपं विकत आणली तेव्हा घेतल्या. तेवढी घरून न्या. आणि सॅकला दोन चेन एकत्र येतात का ते बघून घ्या, एकीला येत नव्हत्या, ती दिवसभर म्युझियममध्ये बाबांच्या पाठीवर होती.